तीन सडांची गाय

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पूर्वी गाय पाळायची ती शेणासाठी आणि बैलासाठी. दूध मिळालं तर मिळालं. घाटावरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. पण बुटक्या, तांबूस अंगाच्या, शेळीसारख्या डोंगर चढणाऱ्या आमच्या गायी वासराला पाजून लिटर-दीड लिटर दूध देत आणि घरचा चहा, सणाचं ताक तेवढ्यात भागे. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या गायींचा अभ्यास केला आणि ‘कोकण कपिला’ या नावाने त्यांची देशी जात म्हणून नोंद झाली. आम्ही आपले त्यांना गावठीच म्हणायचो.

या गायींची कास मुठीएवढी, पोटाला घट्ट धरलेली. दिवसभर कातळावर, रानात हिंडायच्या. त्यांची कास सुजलेली मी लहानपणी एखाद-दोनदाच पाहिली असेल. घाटावर या दुखण्याला ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी कडक होते. डॉक्टर कासदाह म्हणतात. आमच्याकडे त्याला वेगळं नावही नव्हतं. कास सुजली, एवढंच म्हणायचे.

आई धार काढायला बसली की आधी कास धुवायची, मग पदर वेगळा धरून ठेवलेल्या फडक्याने कोरडी करायची. पहिल्या दोन धारा भुईवर सोडायची. “ती धरतरीची,” म्हणायची. दूध काढून झालं की लगेच गव्हाणीत पेंढा टाकायची. मला वाटायचं, गाईने दूध दिलं त्याचं हे बक्षीस. खरं कारण मला साठीच्या जवळ आल्यावर कळलं. सडाच्या टोकाला जी बारीक वाट असते, ती दूध काढल्यावर अर्धा-पाऊण तास नीट मिटत नाही. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली तर जंतू त्या वाटेने वर जातात. पुढ्यात वैरण असली की गाय उभी राहते. आणि पहिल्या धारेत सडाच्या तोंडाशी साचलेले जंतू असतात, म्हणून ती बाहेर. आई शाळेत गेली नव्हती. तिला जंतू ठाऊक नव्हते, रीत ठाऊक होती.

मग संकरित गायी आल्या. जर्सी, होल्स्टीन. डेअरीची गाडी आमच्या पाखाडीच्या टोकापर्यंत यायला लागली आणि दूध हा पैसा झाला. दहा लिटर देणाऱ्या गाईची कास म्हणजे भरलेली घागर. ती लोंबते, बसताना भुईला टेकते, उठताना खुराखाली येते. वर आमचा पाऊस. मृगात सुरू झाला की दसऱ्यापर्यंत गोठ्याची भुई सुकत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत मूत मुरतं, पातेरा टाकावा तर तासाभरात ओला. कासदाहाच्या जंतूंना याहून चांगली जागा कुठली मिळणार?

पाच वर्षांपूर्वी मी घाटावरून एक गाय आणली. दुसऱ्या वेताची, तांबडी, कपाळावर पांढरा चांद. नाव तांबू ठेवलं. विकणाऱ्याने माझ्यासमोर चारही सडांची धार काढून दाखवली. मी स्वतः कास चाचपली, दूध काळ्या फडक्यावर घेऊन पाहिलं. गाठ नाही, पाणी नाही, सडाला जखम नाही. पुढे डॉक्टर म्हणाले ते खरं होतं, छुपा कासदाह डोळ्याला दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. दूध पांढरं स्वच्छ दिसतं आणि आत जंतू सुखाने नांदत असतात.

तांबू आमच्याकडे व्यायली, पाडी झाली. वाडीत खरवस वाटला. दोन महिने चांगले गेले. श्रावणात एका पहाटे उजवा मागचा सड हाताला तापलेला लागला. धार भुईवर सोडली तर दुधाऐवजी निवळ आली आणि तिच्यात दह्यासारख्या कवड्या. दुपारपर्यंत तो भाग एवढा कडक झाला की गाय पाय लावू देईना. अंगात ताप, रवंथ बंद.

अशा वेळी वाडीत सल्ल्याला तोटा नसतो. पिशवीत सुया घेऊन फिरणारा एक माणूस आमच्या भागात होता. डॉक्टर नव्हे, पण कोणाच्या तरी हाताखाली राहून शिकलेला. शेजारचे काका मला म्हणाले, “दाक्तर कवा येयाचा? त्याला बोलव, सुई मार नि मोकला हो.” काकांचं चुकीचं नव्हतं. दवाखाना बारा किलोमीटर, एका डॉक्टरकडे वीस-पंचवीस गावं आणि पावसात पऱ्याला पाणी आलं की रस्ता बंद. सुईवाला मात्र हाक मारली की हजर. मी थांबलो, कारण मागच्याच वर्षी वाडीतल्या एका म्हशीला त्याच्या चार प्रकारच्या सुया झाल्या होत्या आणि म्हैस गेली होती.

डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनी पिशवी उघडली, पण आधी सुई काढली नाही. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, पहिल्या धारा सोडल्या आणि पुढचं दूध एका बंद निर्जंतुक बाटलीत घेतलं. म्हणाले, “हे बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवू. औषध टोचल्यावर नमुना घेतला तर जंतू उगवत नाहीत.” मग ताप-वेदनेचं औषध दिलं, जीव धोक्यात नको म्हणून एक प्रतिजैविकही सुरू केलं आणि सांगितलं, दर दोन-तीन तासांनी तो सड पिळून रिकामा करत राहा.

तीन दिवस झाले, सूज हलेना. चौथ्या दिवशी कागद आला. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, त्या कागदात मला फक्त औषधांची नावं वाचता आली. पेनिसिलिन, अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन अशी उतरंड होती आणि बहुतेक नावांपुढे ‘आर’ हे एकच अक्षर. खाली दोनच नावांपुढे ‘एस’. डॉक्टरांनी समजावलं ते असं. काचेच्या ताटलीत जंतूंचं खाद्य पसरतात, त्यावर दुधातले जंतू पेरतात आणि मग निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी बघायचं. ज्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण उमटलं, ते औषध चालतं. जिच्या कडेपर्यंत जंतू येऊन टेकले, ते औषध गेलं. ‘आर’ म्हणजे ते गेलेलं.

“पण डॉक्टर,” मी म्हणालो, “यातलं एकही औषध मी हिला कधी टोचलेलं नाही.”

“तुम्ही नसेल. कोणीतरी टोचलंय,” ते म्हणाले.

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. घाटावर ओळख काढून मी चौकशी केली. कळलं ते असं, की आधीच्या वेतात हाच सड दोनदा सुजला होता. दोन्ही वेळा दोन-दोन सुया मारल्या, सूज उतरली आणि औषध बंद केलं. कोर्स पाच दिवसांचा होता. विकणारा माणूस दुष्ट नव्हता. औषध चालू असताना दूध डेअरीत घालता येत नाही आणि त्याच्या घरी हप्ता थांबत नव्हता. सूज उतरली म्हणजे दुखणं गेलं, असं त्याला वाटलं. त्याच्या गोठ्यात उरलेले जंतू माझ्या गोठ्यात पैसे मोजून आले.

हे नेमकं काय होतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. शेतात तण काढताना वरवर ओढलं तर साधं गवत निघतं, पण लव्हाळ्याच्या गाठी भुईत राहतात. आठ दिवसांनी पाहावं तर शेतात गवत नाही, नुसता लव्हाळा. आधी शंभर तणांत तो पाचच होता. आपणच बाकीची पंच्याण्णव काढून त्याला रान मोकळं करून दिलं. अर्धवट औषधाने तसंच होतं. नाजूक जंतू पहिल्या सुईत मरतात, चिवट उरतात आणि सगळी कास त्यांची होते. जंतूंचं आणखी एक आहे, जे लव्हाळ्याला जमत नाही. औषध पचवायची युक्ती एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. गाईच्या शेणातला जंतू माणसाच्या पोटातल्या जंतूला देऊ शकतो. आम्ही तर त्याच शेणाने अंगण सारवतो, तेच शेण परसात घालतो.

ज्याने पेनिसिलिन शोधलं, त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली ते बुरशीत सापडलं आणि १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच त्याने बजावलं होतं, की औषध कमी मात्रेत घेतलं तर जंतू मरणार नाहीत, शहाणे होतील. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला आणि पेनिसिलिन देशात तयार व्हायला लागलं. माझ्या लहानपणी वडिलांच्या पायावर कोयती बसली होती. जखम चिघळली, पाय मांडीपर्यंत सुजला. पेनिसिलिनच्या सुयांनी तो पाय राहिला आणि त्या पायाने त्यांनी पुढे तीस वर्षं नांगर धरला. तांबूच्या कागदावर ‘आर’ लिहिलेलं पहिलं नाव त्याच औषधाचं होतं.

डॉक्टरांनी उरलेल्या दोन औषधांतलं एक निवडलं आणि पूर्ण दिवस दिलं. तांबू वाचली, बाकीचे तीन सड वाचले. उजवा मागचा सड मात्र गेला. आतलं मांस घट्ट झालं की औषध तिथपर्यंत पोचतच नाही, जंतू त्या गाठीत लपून राहतात. आठ लिटरची गाय पाचवर आली.

त्या दिवसांत दूध काढायचं आणि खड्ड्यात ओतायचं. हे काम कठीण. आमच्या घरातल्यांनी पहिल्या दिवशी चरवी हातात धरून विचारलं, “वासराला तरी घालू?” डॉक्टरांनी त्यालाही नाही सांगितलं होतं, कारण थोडं थोडं औषध पोटात गेलं की वासराच्या आतड्यातले जंतू चिवट होतात. औषधाच्या बाटलीवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं. शेवटच्या सुईपासून ते दिवस मोजायचे, सूज उतरल्यापासून नव्हे.

न ओतलेलं दूध कुठे जातं, हे बायकांना आपल्याआधी कळतं. वाडीत एका घरी दोन दिवस दही लागेना. घरधनीण विरजणाला दोष देत होती, शेजारून नवीन विरजण आणलं तरी तेच. दूध ज्या गोठ्यातून यायचं, तिथल्या गाईला सुया चालू होत्या. दही लावणारेही जंतूच असतात. दुधातल्या औषधाने ते मेले, तर दही लागणार कसं? मात्र दही लागलं म्हणजे दूध निर्धोक, असा उलटा हिशेब करू नये. दह्याला कळणार नाही इतकं थोडं औषधही दुधात असू शकतं. तेच दूध आपण पोराबाळांना पाजतो.

गाईला टोचलेलं औषध गाईपुरतं राहत नाही, हे कोकणाने एकदा पाहिलं आहे. माझ्या लहानपणी किनाऱ्यावरच्या माडांवर गिधाडांची घरटी असायची. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की दोन तासांत नुसती हाडं उरायची. मग गिधाडं दिसेनाशी झाली. कोणी म्हणे साथ आली, कोणी म्हणे माड तोडले. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. गुरांना ताप-वेदनेसाठी डायक्लोफेनॅक टोचत. ते गुरू मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने उरलीसुरली गिधाडं राखायला पुष्कळ खपून काम केलं. पण माडावर बसलेलं गिधाड माझ्या नातवंडांनी पाहिलेलं नाही. ते प्रतिजैविक नव्हतं, हे खरं. पण गाईचा ताप उतरावा एवढ्याच चांगल्या हेतूने टोचलेली ती सुई आभाळापर्यंत पोचली.

प्रतिजैविकांच्या बाबतीतही सरकारने काही केलं आहे. कोलिस्टिन नावाचं औषध दवाखान्यात माणसाचं बाकी काही चालेनासं झालं की शेवटी काढतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यातून दिलं जात होतं. २०१९ साली खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये. पण पहाटे पाच वाजता गोठ्यात कायदा येत नाही. तिथे असतो आपण, सुजलेली कास आणि डेअरीची सातची गाडी.

म्हणून मला वाटतं, सुईआधी हाताकडे बघावं. आमच्या गोठ्यात आता जे चालतं ते बहुतेक आईचंच आहे. हात साबणाने धुवायचे. प्रत्येक गाईला वेगळं फडकं. अंगठा मुडपून सड ओढायचा नाही, त्याने आतून इजा होते. पूर्ण मुठीत धरून काढायचं. धार झाली की सडाचं टोक आयोडिनच्या औषधात बुडवायचं, मग गव्हाणीत वैरण. पावसाळ्यासाठी पातेऱ्याची आणि भाताच्या तुसाची बेगमी आगोटीतच करून ठेवायची, म्हणजे बसायची जागा कोरडी राहते. गाय आटवताना डॉक्टरांना विचारायचं. आणि महिन्यातून एकदा चार खणांच्या ताटलीत चारी सडांचं दूध वेगळं घेऊन त्यात ते जांभळं औषध मिसळायचं. दूध चिकट, शेंबडासारखं झालं तर छुपा कासदाह. ही परीक्षा अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५७ साली निघाली. साधी आहे, स्वस्त आहे, दोन मिनिटांत होते. सूज अगदी सुरुवातीची असेल तर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप लावतो. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही हा लेप गावोगाव सांगितला आहे, कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. पण गाईला ताप असेल, खाणं सुटलं असेल तर लेपाच्या भरवशावर बसत नाही, डॉक्टरांनाच बोलावतो.

राहिला प्रश्न तांबूचा. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, “ही गाय आता जंतू बाळगून राहील. दुधाच्या हिशेबात ठेवू नये.” पुढच्या उन्हाळ्यात एक व्यापारी आला. तांबू त्याच्या नजरेत भरली. मी म्हणालो, तीन सडांची आहे, आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं, कागदही दाखवला. त्याने कागद घडी करून माझ्याच खिशात ठेवला. “हा नको दाखवत जाऊ. पुढच्या गिऱ्हाइकाला मी बघतो.” भाव बरा देत होता. मुंबईहून मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, देऊन टाका. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रात्रभर आकडे मांडले. पाच लिटर दूध, त्यातून पेंड वजा जाता काय उरतं, वर बाकीच्या गाईंना धोका. सकाळी आमच्या घरातल्यांनी गोठ्यातूनच विचारलं, “ज्या घरी जाईल तिथे पण पाडी असेल ना?” त्यावर बोलायचं काही उरलं नाही.

आमच्या गावाला देवराई आहे. तिथली वाळलेली काटकीही कोणी घरी नेत नाही. एका काटकीने राई संपत नाही हे सगळ्यांना कळतं, पण प्रत्येकाने एक नेली तर काय होईल हेही कळतं. औषधाची ताकद मला तशीच वाटायला लागली आहे. ती बाटलीबरोबर विकत मिळत नाही. ती सगळ्या गावकीची आहे, पिंपरीत पहिली बाटली भरली तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या वाट्याची. त्या घाटावरच्या माणसाने आपला हप्ता वाचवायला तिच्यातली एक काटकी मोडली. मी गाय पुढे ढकलली असती तर दुसरी माझी झाली असती.

तांबू अजून आमच्याकडे आहे. ती वेगळ्या कोपऱ्यात बांधतो, तिची धार सगळ्यात शेवटी काढतो, मग हात धुतो. आता ती आटली आहे आणि पुन्हा भरवायची नाही असं ठरवलंय. शेण देते. आमच्या आजोबांच्या हिशेबाने गाय त्यासाठीच असते. तिची पाडी मागच्या माघात पहिल्यांदा व्यायली. चीक संपून साधं दूध सुरू झालं, तेव्हा ताटलीत चारी खणांतलं दूध घेऊन औषध घातलं आणि हलवलं. चारी खणांत दूध पातळच राहिलं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली.